सातची मोटार आणि तिचे धाकटे मालक

आमची मोटार निपाणीहून बेळगावला रोज सकाळी सात वाजता सुटते, असं आप्पा, म्हणजे माझे वडील, भेटेल त्याला छातीठोकपणे सांगायचे. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त आमच्या स्टँडवर सात रोज वेगळ्या वेळी वाजायचे. कधी आठला वाजायचे, कधी साडेनवाला, आणि बाजाराच्या दिवशी लोकांची आवराआवर होऊन सात वाजेपर्यंत दहाचं ऊन डोक्यावर यायचं.

याला कारण टॉवेल. आमच्याकडे मोटारीत जागा धरायची म्हणजे पहाटे येऊन सीटवर आपलं काहीतरी टाकायचं आणि घरी निघून जायचं. कुणी टॉवेल टाकायचा, कुणी पटका, कुणी घोंगडं, कुणी पाण्याचा तांब्या. एक जण तर उजव्या पायाची चप्पल ठेवून एकाच चपलेवर घरी जायचा. एकदा टॉवेल पडला की माणूस बसला, असा सरळ हिशेब होता. मग तो माणूस घरी जाऊन म्हैस पिळणार, अंघोळ करणार, भाकरी खाणार, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणार आणि सावकाश येणार. सगळ्या टॉवेलांचे धनी आल्याशिवाय मोटार हलायची नाही. आमच्या ड्रायव्हरला सगळं गाव मामा म्हणायचं. मामा नुसत्या टॉवेलाकडे बघून सांगायचे, "ह्यो न्हाव्याचा हाय. दोन दाढ्या उरकल्या की येतोय."

अशा सुरळीत चाललेल्या धंद्यात मी पुण्याहून आलो. पुण्याला एका कचेरीत मी दोन वर्षं कारकुनी केली होती. तिथून येताना मी दोन गोष्टी आणल्या: एक मनगटी घड्याळ आणि धंद्यात सुधारणा कशी करावी याबद्दलची मतं. घड्याळ रोज पाच मिनिटं मागं पडायचं. मतं मात्र कशाच्याही पुढं धावायची. आप्पांचे गुडघे दुखायला लागले होते. त्यांनी मोटार माझ्या हवाली केली आणि म्हणाले, "चालीव. पण माणसं तोडू नगंस."

मी माणसं तोडणार नव्हतो. मी त्यांना सुधारणार होतो. पहिल्या आठवड्यात तर मला त्यासाठी एक खरंखुरं निमित्तही मिळालं. गावातल्या एका विणकराचा मुलगा सत्याग्रहात पकडला जाऊन बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात होता. भेटीची वेळ दुपारच्या आत संपायची. तो विणकर त्या दिवशी पहाटेच येऊन मोटारीत बसला होता. टॉवेल टाकून नव्हे, स्वतः. मोटार सुटली साडेनवाला. संध्याकाळी परतीच्या मोटारीतून तो उतरला तेव्हा पोरासाठी नेलेला डबा तसाच त्याच्या हातात होता. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "फाटक बंद झालतं, अण्णा." आणि डबा घेऊन घरी गेला.

त्या रात्री मी जेवताना जाहीर केलं की उद्यापासून आपली मोटार घड्याळाच्या सातला सुटेल. आप्पा भात कालवत होते. ते म्हणाले, "आणि टावेल?"

"टॉवेलांना घड्याळ कळत नाही, त्याला मी काय करू?" मी म्हणालो. हे उत्तर मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सातला मी मामांना म्हणालो, सोडा. मामांनी मोटारीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मालक सांगतोय म्हटल्यावर त्यांचा इलाज नव्हता. क्लीनरनं हँडल मारलं आणि आम्ही निघालो. तवंदीचा घाट चढताना मी अभिमानानं मागं वळून पाहिलं. मोटार गच्च भरली होती. त्यात माणसं चार होती आणि बाकी सगळे टॉवेल.

आता खरी गंमत ऐका. संकेश्वरला मोटार थांबली तेव्हा पाच-सहा माणसं चढायला आली. त्यातल्या एकानं रिकाम्या बाकाकडे बोट दाखवून विचारलं, "हितं बसू का?"

"न्हाय, तितं टावेल हाय," मामा म्हणाले.

"टावेलाचा मालक?"

"त्यो निपाणीत हाय."

त्या माणसानं मान हलवली. ती माणसं बेळगावपर्यंत मधल्या दांड्याला धरून उभी राहिली. टॉवेल बसून आले. आणि खरं सांगतो, मामांच्या त्या बोलण्यात काही विचित्र आहे असं मला, पुण्याच्या कचेरीत राहून आलेल्या माणसाला, काकती येईपर्यंत जाणवलं नाही. काकतीला जाणवलं, पण तेव्हा बेळगाव आलंच होतं. बेळगावात आम्ही कधी नव्हे इतक्या वेळेवर पोचलो. निपाणीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते बघायला निपाणीचं माणूस जवळजवळ कुणीच नव्हतं.

परतीला संध्याकाळी निपाणीच्या स्टँडवर ही गर्दी. मला क्षणभर वाटलं, सत्काराला आलीत. मग दिसलं की बऱ्याच जणांची डोकी उघडी आहेत, कारण पटके मोटारीत होते. चप्पलवाला एका पायात चप्पल घालून उभा होता. आणि सगळ्यांच्या पुढं आक्का.

आक्कांची ओळख करून द्यायला हवी. वयानं आईच्या बरोबरीच्या, पण साऱ्या गावाला त्या आक्काच. त्यांची लेक बेळगावजवळच्या कंग्राळीला दिलेली होती आणि नुकतीच बाळंत झाली होती. तिच्यासाठी डिंकाचे लाडू बांधलेलं गाठोडं आक्कांनी पहाटे पुढच्या बाकावर ठेवलं होतं आणि त्या म्हैस पिळायला घरी गेल्या होत्या. मी गाठोडं खाली उतरवून त्यांच्या हातात दिलं.

"लाडू बेळगाव बघून आलं," आक्का म्हणाल्या. "मी तेवढी ऱ्हायले."

"आक्का, मोटार सातला सुटणार असं सांगितलं होतं की."

"सात म्हंजे कवा रं? कोंबडं आरवल्यावर का म्हस पिळल्यावर?"

लोक हसले. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पण घरी गेल्यावर तो प्रश्न माझ्या डोक्यातनं जाईना. मी गावभर विचारत फिरलो तर कळलं की आमच्या रोजच्या उतारूंपैकी दोन-तीन घरं सोडली तर कुणाच्याच घरात घड्याळ नाही. सात म्हणजे नेमकं काय, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. मोटार कधी हलेल याचा भरवसा नसताना स्टँडवर ताटकळत बसण्यापेक्षा त्यांनी टॉवेल शोधून काढला होता. मी ज्याला आळस म्हणत होतो तो त्यांनी स्वतः केलेला बंदोबस्त होता, आणि तो आमच्याच बेभरवशीपणामुळं करावा लागला होता.

हे माझं पहिलं तत्त्व. एखादी जुनी रीत मोडावीशी वाटली, की आधी ती कुणाचं कोणतं काम करते ते बघावं, आणि ते काम करणारं दुसरं काहीतरी हातात आल्याशिवाय तिला हात लावू नये. लाडू बेळगाव बघून आल्याशिवाय हे तत्त्व मला सुचलं नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही. बऱ्याच मोठ्या माणसांना लाडू जाऊनही सुचत नाही.

मग मी हॉर्न कामाला लावला. आमच्या मोटारीला रबरी फुग्याचा हॉर्न होता, त्याचा आवाज ऐकून रेड्यानं ओ द्यावी असा. ठरवलं असं: पहाटे मोटार पाणी भरायला निघाली की गावातनं एक फेरी मारेल आणि हॉर्न वाजवत जाईल. तो पहिला. म्हैस पिळून, भाकरी बांधून व्हायला पुरेल इतक्या वेळानं स्टँडवर दुसरा. आणि तिसरा वाजला की मोटार सुटली. शिवाय तांबटाकडून पत्र्याचे बिल्ले कापून घेतले, त्यावर बाकांचे आकडे ठोकून घेतले. ज्याच्याकडे बिल्ला त्याची जागा, टॉवेलाची गरज नाही.

लोकांनी बिल्ले घेतले. आणि टॉवेलही टाकले. दोन्ही. मामांना मी विचारलं, "आता टॉवेल कशाला?" मामा म्हणाले, "बिल्ला खिशात ऱ्हातोय, अण्णा. जागेवर कुणीतरी नगं का?" मी तो वाद सोडून दिला. टॉवेल असला तर असू दे, माणूस वेळेवर आला म्हणजे झालं. आणि खरोखर, माणसं यायला लागली. पहिल्या हॉर्नला गावात दारं उघडायची, दुसऱ्याला स्टँडवर वर्दळ. आठ-दहा दिवस आमची मोटार सातला, म्हणजे खऱ्याखुऱ्या सातला सुटली. मी हॉटेलात बसून चहा पिताना लोकांना सुधारणेची तत्त्वं ऐकवू लागलो. हॉटेलवाला फार चांगला माणूस. ऐकून घ्यायचा.

मग शेठ आले.

शेठ म्हणजे गावातल्या मोठ्या तंबाखू वखारीचे मालक. त्यांना बेळगावला जायचं होतं. त्यांच्या गड्यानं पुढच्या बाकाचा बिल्ला नेला होता. तिसरा हॉर्न वाजायची वेळ झाली आणि शेठ नाहीत. गाडी गच्च भरलेली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. मोटारीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या वेळी मी जे केलं ते चार शब्दांत सांगता येतं: मी घड्याळ मागं केलं. मामांना म्हणालो, "माझं घड्याळ पुढं गेलंय वाटतं. अजून वेळ आहे." जे घड्याळ रोज मागं पडतं ते पुढं गेलंय असं मी तोंड वर करून म्हणालो. शेठची वखार मोठी, शेठच्या वखारीतले तंबाखूचे गठ्ठे, म्हणजे बोद, कधीमधी आमच्या टपावर जायचे, शेठ नाराज झाले तर काय, असे सगळे विचार माझ्या डोक्यात एका रांगेत उभे होते, बिल्ले घेऊन.

आक्का पुढच्याच बाकावर होत्या. कंग्राळीला निघालेल्या. उठल्या, गाठोडं बाकावर ठेवलं आणि खाली उतरल्या.

"कुठं चाललासा, आक्का?"

"म्हशीला पेंड घालून येते. घड्याळ मागं गेलंय न्हवं?"

त्यांच्या पाठोपाठ न्हावी उतरला. मग चप्पलवाला, चप्पल ठेवून. मोटार रिकामी झाली. बाकांवर टॉवेल, पटके, तांबे पुन्हा रांगेनं बसले, जणू मधले दहा दिवस झालेच नव्हते. शेठ आले तेव्हा मोटारीत मी, मामा आणि टॉवेल. शेठनी विचारलं, "माणसं कुठायत?" त्या दिवशी आम्ही नवाच्या पुढं सुटलो.

त्यानंतर हॉर्न वाजायचा, पण त्याकडे कुणी लक्ष द्यायचं नाही. दुसऱ्या हॉर्नला एक जण म्हणालाच, "ह्यो गरिबांचा हॉर्न. शेठचा वाजला की सांगा." नियम करताना मी त्याला कुणापुढं वाकवणार, हे लोक आधीच ओळखून होते. त्यांना फक्त तो दिवस यायची वाट बघायची होती, आणि तो मी त्यांना फार वाट न बघायला लावता आणून दिला.

त्याच सुमारास बेळगावच्या एका मोटारवाल्यानं आमच्याच वाटेवर नवी मोटार घातली. तिच्या बाकांना गाद्या होत्या. वेळेचं म्हणाल तर तीही टॉवेलांसाठीच थांबायची, पण लोकांचं म्हणणं सरळ होतं: उशीरच व्हायचा तर गादीवर बसून व्हावा. आमची माणसं हळूहळू तिकडं सरकली. आमच्या लाकडी बाकांवर दुपारपर्यंत ऊन बसायला लागलं. आक्का मात्र आमच्याच मोटारीनं जायच्या. का, असं मी विचारलं नाही. त्यांनी उत्तर दिलं असतं.

शेवटी आप्पांनी ठरवलं. बेळगावचा तो मोटारवाला आमची मोटार विकत घ्यायला तयार होता. मामांना तो कामावर ठेवणार होता. मला ठेवण्याबद्दल तो काही बोलला नव्हता. आप्पा माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "तुला पुण्याला जागा मिळंल परत. मोटार काय, लोखांड हाय." हे म्हणताना ते मोटारीच्या पत्र्यावर हात फिरवत होते. घोड्याच्या पाठीवर फिरवावा तसा. ही मोटार निपाणीत आली तेव्हा तिला ओवाळायला अर्धं गाव आलं होतं, आणि आप्पा त्या दिवशी दुपारी जेवायचे विसरले होते, असं आई सांगायची. आता ती माझ्या हातून जाणार होती. तेवढीच एक गोष्ट त्या घरात त्यांनी स्वतःच्या जोरावर आणली होती.

सह्यांच्या आदल्या दिवशी आप्पा बेळगावला गेले आणि खडेबाजारात आमच्या नातलगांकडं उतरले. मी दुसऱ्या दिवशी आमच्याच मोटारीनं कागदपत्रं घेऊन जायचं, तिथं सह्या व्हायच्या आणि मोटार तिथंच सोडून यायचं, असं ठरलं.

संध्याकाळी मी मामांना म्हणालो, "उद्या शेवटची खेप. निदान उद्या तरी सातला सोडू. कुणासाठी थांबायचं नाही."

"शेठ आलं तर?"

"आले तर बसतील. नाही आले तर राहतील."

मामांनी बराच वेळ दात कोरले. मग म्हणाले, "बगा हं."

सकाळी पहिला हॉर्न गावातनं गेला तेव्हा मी कपडे करून तयार होतो. कागदांची पिशवी बगलेत. दुसऱ्या हॉर्नला मी स्टँडवर होतो. मोटारीत बरी माणसं होती. शेवटची खेप आहे हे गावात कळलं होतं, आणि शेवटच्या गोष्टीला माणसं येतात. आक्का होत्या. मागच्या बाकावर तो विणकर होता, मांडीवर डबा घेऊन. त्या दिवशी त्याच्या मुलाची भेट होती.

माझ्याकडं अजून वेळ होता, म्हणून मी हॉटेलात शिरलो. तिथं कोल्हापूरच्या मोटारीची वाट बघत एक परका व्यापारी बसला होता. त्यानं सहज विचारलं, तुमचा व्यवसाय काय? एवढं मला पुरे होतं. मी त्याला आमच्या मोटारीची सगळी हकीकत सांगायला लागलो. धंद्यात सुधारणा कशी अवघड आहे, लोकांना वेळेची किंमत कशी नाही, मालकानं स्वतः कसं काटेकोर राहायला हवं. माझी पाठ रस्त्याकडं होती. बाहेर मोटार घुरघुरायला लागली. मला वाटलं, मामा इंजिन गरम करतायत. मी आवाज चढवला. "मालकच जर उशिरा आला," मी म्हणालो, "तर नोकरांनी काय शिकायचं?" तिसरा हॉर्न वाजला तोही मी ऐकला, आणि त्याच्यावरही आवाज चढवून दोन वाक्यं पूर्ण केली. व्यापारी माझ्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत होता. फार रस घेऊन बघत होता. मला वाटलं, मुद्दा पटतोय.

मी वळलो तेव्हा रस्त्यावर धूळ होती.

"ती मघाशीच गेली," हॉटेलवाला म्हणाला. "तुमी बोलत हुतासा. मधी कसं बोलायचं?"

मी धावलो. काखेत पिशवी, एका हातात टोपी. नाक्यापर्यंत धावलो. मोटार पुढं चढाला लागलेली दिसत होती. मागच्या खिडकीतून आक्कांचा हात बाहेर आला आणि हलायला लागला. मला वाटलं, त्या मोटार थांबवतायत. मी आणखी जोरात धावलो. मग कळलं, त्या मला हातानं घरी जायला सांगत होत्या.

नाक्यावर बसून मी दम खाल्ला. मग परत स्टँडवर आलो आणि काळजावर दगड ठेवून बेळगाववाल्याच्या मोटारीत चढलो. गादी मऊ होती. मी विचारलं, कधी सुटणार? ड्रायव्हर म्हणाला, "शेठ यायचं हाईत." शेठ आता इकडं यायला लागले होते. मी वाट बघत बसलो. माझ्या शेजारी एक टॉवेल होता, त्याच्या पलीकडं एक छत्री. ऊन चढलं. शेवटी शेठचा गडी आला आणि म्हणाला, शेठ आज येत न्हाईत, डोकं दुखतंय. तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. सह्या दुपारच्या आत व्हायच्या होत्या, आता जाऊन उपयोग नव्हता. बेळगावात आप्पा आणि तो मोटारवाला, दोघं कागदांची वाट बघत बसले असतील, आणि मी निपाणीच्या स्टँडवर दुसऱ्याच्या गादीवर. मी उतरलो. गादीवर काही न ठेवता.

घरी बायकोनं विचारलं, "तुमी हितं? मोटार कुणी नेली?"

"मामांनी."

"आणि तुमी?"

मी सांगितलं. ती ऐकून आत गेली. आतून कसलंतरी भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. हसणं दाबायला माणसाला फार श्रम पडतात.

दिवसभर मी घरातून बाहेर पडलो नाही. मनात आप्पांचं तोंड. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर एक साधं काम टाकलं होतं: मोटारीत बसून यायचं. ज्या माणसाला स्वतःच्या मोटारीत बसता येत नाही त्यानं काय सुधारणा करायची? संध्याकाळी आमच्या मोटारीऐवजी आप्पा त्या बेळगाववाल्याच्या गाडीनं येतील, स्टँडभर लोक बघत असतील, आणि मी तिथं कसा उभा राहू, या विचारानं मला चहा गोड लागेना. तरीही परतीच्या वेळेला मी स्टँडवर गेलो. घाटाकडं बघत उभा राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "धाकलं मालक सकाळची मोटार धरायला आत्ताच आलंत."

आमची मोटार आली. आमचीच. पुढच्या बाकावर आप्पा.

ते उतरले, गुडघे सरळ केले, आणि माझ्याकडं न बघता मामांना म्हणाले, "सांगा ह्याला."

मामांनी सांगितलं. तिसऱ्या हॉर्नची वेळ झाली आणि मी आलो नाही. मामा थांबायला तयार होते. मालकच तो. एवढ्यात मागच्या बाकावरचा विणकर उठून पुढं आला. मामांच्या शेजारी येऊन उभा राहिला, डबा हातात धरून. आक्का म्हणाल्या, "मामा, सोडा मोटार. माझ्या लाडवाला थांबला न्हाई त्यो, त्याला कशाला थांबायचं?" बाकीच्यांनी उचलून धरलं. कुणीतरी हॉर्नचा फुगा स्वतःच दाबला. निघाले. आणि वाटेत संकेश्वरला, हत्तरगीला, जिथं जिथं मोटार थांबली तिथं तिथं लोकांनी खाली वाकून सांगितलं: मालकाला टाकून आलाव. बेळगावला स्टँडवर उतरल्यावरही तेच. आप्पा तिथं त्या मोटारवाल्याबरोबर उभे होते. मोटार वेळेवर आली, भरून आली, आणि उतरणारा प्रत्येक माणूस हसत आप्पांना नमस्कार करून जात होता.

"आणि आप्पा?" मी मामांना विचारलं.

उत्तर आप्पांनीच दिलं. "मी म्हटलं, कागद न्हाईत, सह्या कशावर करायच्या? त्यो म्हणाला, उद्या करू. मी म्हटलं, बघू." मग थोडं थांबून, "ज्या मोटारीला मालक लागत न्हाई ती इकायची कशाला? मालकालाच इकू की."

स्टँडवर हशा पिकला. मी हसायला लागलो तर मला थांबता येईना. आप्पाही हसले, पत्र्यावर हात ठेवून. विणकर शेवटी उतरला. डबा रिकामा होता, हे तो ज्या पद्धतीनं धरून चालत होता त्यावरूनच कळत होतं. माझ्याजवळ आला तेव्हा म्हणाला, "भेट झाली, अण्णा. पोरगं बरं हाय. जाड झालंय." मी त्याला काय म्हणालो ते आठवत नाही. काहीतरी म्हणालो असेन. मी गप्प बसल्याचं कुणाला आठवत नाही.

पुढं ते विकणं मागं पडत गेलं आणि एक दिवस कुणी त्याचा विषय काढेनासं झालं. मोटार आमच्याकडंच राहिली. युद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा तिच्या मागं कोळशाची भट्टी लावावी लागली आणि घाटात लोकांना उतरून ढकलावं लागे, तरी ती सातला सुटायची. निदान सुटायला तरी लागायची. शेठनी मात्र अखेरपर्यंत वेळ पाळली नाही. त्यांनी स्वतःची मोटार घेतली, आणि ती त्यांच्यासाठी खुशाल थांबायची. सगळ्यांना बदलता येतंच असं नाही, आणि बदलायलाच पाहिजे असंही नाही, हे मी शेठकडून शिकलो.

आता कुणी तरुण माणूस आपल्या वडिलांची पेढी सुधारायला निघतो आणि आप्पांचा मुलगा म्हणून मला विचारायला येतो. त्याला मी फार सांगत नाही. जी रीत मोडायची तिचं काम आधी समजून घे. नियम केलास तर त्यानं सगळ्यात आधी तुझी पंचाईत झाली पाहिजे, तुझ्या गिऱ्हाइकाची नव्हे. आणि लोकांनी तो नियम तुझ्याकडून काढून घेऊन तुझ्यावरच चालवला, तर रागावू नकोस. त्या दिवसापर्यंत तो तुझा हट्ट असतो. मी माझी मोटार महिनोन्महिने सातला सोडायचा प्रयत्न केला. ती खरी सातला सुटली ती मला सोडून.

त्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्या हॉर्नच्या आधीच स्टँडवर पोचलो. मला वाटलं, मीच पहिला. पण मोटारीत आधीच चार-पाच जण बसलेले. माणसं, हाडामांसाची. मी पुढच्या बाकावर बसायला गेलो तर न्हावी म्हणाला, "बिल्ला?"

माझ्याकडं बिल्ला नव्हता. मालकानं कधी बिल्ला घेतला नव्हता. मामांनी पेटीत हात घालून राहिलेला एक काढून दिला. मागच्या चाकावरचा. त्या बाकावर बसलं की रस्त्यातला प्रत्येक खड्डा आपल्या नावानं येतो.

आक्का तिथंच शेजारी होत्या. त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं आणि थोडं सरकल्या. "बस. आज काय बोलू नगंस," म्हणाल्या.

मी बोललो नाही. तिसरा हॉर्न वाजला, मोटार हलली, आणि तवंदीचा घाट संपायच्या आत, त्या आदळणाऱ्या लाकडी बाकावर, आक्कांच्या गाठोड्याला टेकून मला अशी गाढ झोप लागली की हत्तरगी कधी आली ते कळलं नाही.